दोन्ही बाह्या डाव्या

आमच्या कटिंग मास्तरांच्या कात्रीने सत्तावीस वर्षांत कधी कापड वाया घालवलं नव्हतं. म्हणून त्या सोमवारी चाळीस शर्टांच्या दोन्ही बाह्या डाव्याच निघाल्या, तेव्हा मला वाटलं माझेच डोळे फुटले. एक बाही कापली की साचा उलटवून दुसरी कापायची, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मास्तरांचं लक्ष मोबाइलमध्ये होतं.

दोन महिने हेच चाललेलं. कापडाचे थर लावले की फोटो, खडूने आखलं की फोटो, लगेच स्टेटसवर. मग दर पाच मिनिटांनी कात्री खाली ठेवून बघायचं. दिवसाला ऐंशी शर्ट कापणारा माणूस पन्नासावर आला आणि आम्ही शिवणाऱ्या बायका माश्या मारत बसलो. माझ्या तोंडाला कुलूप नाही.

"मास्तर, या वयात एवढं कुणाला दाखवताय?" मी विचारलं.

त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. स्टेटस कुणी कुणी पाहिलं त्याची यादी होती. एका नावावर त्यांनी बोट ठेवलं. चार वर्षांपूर्वी त्यांनी भांडून घराबाहेर काढलेला मुलगा.

"बोलत नाही, पण बघतो," ते म्हणाले. "रोज बघतो."

"मग फोन करा की."

"कुठल्या तोंडाने करू?"

मी उठून माझ्या मशीनवर जाऊन बसले. 

मालकांनी मात्र बाह्या बघून स्पष्ट सांगितलं, "मोबाइल दिवसभर माझ्या कपाटात. नाहीतर टेबल दुसऱ्याला देतो." त्यांचंही काय चुकलं म्हणा. मास्तरांनी मुकाट्याने मोबाइल दिला.

"संध्याकाळी घरून टाका ना," मी म्हटलं.

"घरी काय आहे दाखवण्यासारखं? भिंती?"

काम पुन्हा ऐंशीवर गेलं. मास्तरांचं तोंड मात्र एवढंसं झालं. मला मेलीला त्या ऐंशी शर्टांचा राग यायला लागला.

शुक्रवारी दुपारी कारखान्यातला फोन वाजला. मालकांनी उचलला, ऐकलं आणि हाक मारली, "मास्तर, तुमचा मुलगा. विचारतोय, चार दिवस बाबांनी काही टाकलं नाही, बरे आहेत ना?"

मास्तर धडपडत गेले. रिसीव्हर कानाला लावून "कोण? कोण?" करत राहिले. आठ मशीनच्या खडखडाटात काय ऐकू येणार, कपाळ? आमचे मालक म्हणजे पाणी प्यायला उठलं तरी घड्याळ बघणारे. त्यांनी हात वर केला.

"मशीन बंद करा. सगळ्यांनी."

"मी बरा आहे," मास्तर म्हणाले. रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला. मग म्हणाले, "माझं चुकलं रे बाळा."

मी ढसाढसा रडले, लाज कसली त्यात. मालकांनी स्वतःची खुर्ची ओढून मास्तरांना बसवलं, आणि पुढचा अर्धा तास कारखान्यात एक टाका पडला नाही.