गारा येण्याआधी

गांगुर्डे मॅडम गेल्याचा फोन आला, आणि बातमी खरी आहे का हे विचारायला मी त्यांच्याच मोबाइलवर फोन लावला. उचलला त्यांच्या यजमानांनी, अप्पांनी. "अहो, आत्ता मीच तर सांगितलं तुम्हाला!"

खोड लावलेली मॅडमचीच. नाशिकच्या नभोवाणी केंद्रावर निवेदक असताना मी घोटीच्या एका कीर्तनकारांना भरल्या आवाजात श्रद्धांजली वाहिली होती. पुढचं गाणं संपायच्या आत त्यांचा स्वतःचा फोन आला. तेव्हापासून मॅडमचा दंडक… निधनाची बातमी घरी विचारल्याशिवाय वाचायची नाही.

मॅडम मूळच्या येवल्याच्या. निवेदिकेच्या केंद्रप्रमुख झाल्या, पण खुर्चीपेक्षा खिडकीतच जास्त सापडायच्या. एका दुपारी पिंपळगावच्या बाजूचं आभाळ तांबूस-काळं झालं. वारा पडला, कावळेसुद्धा गप्प. आमच्या केंद्रावरून मात्र मुंबईहून आलेलं गायन चाललेलं. मॅडमनी वरिष्ठांना न विचारताच ते तोडलं आणि मला माईकपुढे बसवलं. मी "रसिक श्रोतेहो" म्हणून सूर लावतोय, तोच त्या आत आल्या, मला बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "गारा येतायत. माणसं, जनावरं आडोशाला घ्या. कांदा झाका." थोड्याच वेळात गारा आल्या. कित्येकांचा कांदा वाचला. मॅडमना मेमो मिळाला.

त्या निवृत्त झाल्या आणि इथलं प्रसारण तुकड्यातुकड्यानं बंद पडत गेलं. आधी सकाळचं, मग दुपारचं… शेवटचा भेटलो तेव्हा त्या अंथरुणाला खिळलेल्या, उशाशी रेडिओ. "विलास, सगळं बाहेरून येतंय रे. एखाद्या दिवशी गारा येतील आणि इथून कुणीच बोलणार नाही."

"मॅडम, आता मोबाइल आहेत की," मी शहाणपणा केला. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

परवा पिंपळगावच्या बहिणीकडची कांदाकाढणी बघून परतताना अप्पांकडे गेलो. तो रेडिओ अजून उशाशीच आहे, आणि चालू आहे. अप्पा बंद करू देत नाहीत. खिडकीबाहेर तसंच आभाळ भरून आलेलं. झाडाचं पान हलत नव्हतं. रेडिओवर कुठल्या तरी लांबच्या शहरातली सतार. मला राहवेना. आभाळ कसं खाली उतरलंय, उजेड कसा आजारी पडलाय, मॅडम असत्या तर आत्ता काय केलं असतं… मी बोलतच सुटलो.

अप्पांनी चष्मा काढला.

"मघापासून ढगांचं वर्णन करताय. पिंपळगावात तुमच्या बहिणीचा कांदा उघड्यावर पडलाय ना? तिला सांगितलंत का?"