साहेबांची कडी

बंदरातल्या क्रेनविभागाच्या सुपरवायझरसाहेबांना आपलं नाव लिहिलेलं पाहायची भारी हौस. पाण्याच्या टाकीवर, बाकांवर, अगदी वाळूच्या बादल्यांवरही तेच. बायको म्हणायची, "माझ्या कपाळावर तेवढं रंगवायचं राहिलंय."

एका दुपारी अंधारून आलं आणि क्रेनच्या टोकाला निळसर उजेड फुटला. फस्स फस्स आवाज, पण जळत काहीच नव्हतं. क्रेनचालक जीव मुठीत धरून खाली उतरला. वायरलेसवाल्या बाईंनी समजावलं, "ही ढगांतली वीज. खलाशी हिला सेंट एल्मोची आग म्हणतात. संताचं खरं नाव इरॅस्मस. खलाशांच्या तोंडी झिजून त्याचं एल्मो झालं. म्हणे शेजारी वीज कोसळली तरी तो प्रवचन देतच राहिला, म्हणून खलाशांनी त्याला आपला राखणदार मानलं."

साहेबांना त्यातलं एवढंच कळलं, की न थांबता बोललं की नाव होतं. त्या बाबतीत त्यांचा हात धरणारा बंदरात कुणी नव्हता.

"नोंदवहीत ही आग माझ्या नावानं लिहा. इथे पहिल्यांदा मी पाहिली."

"पहिल्यांदा मी पाहिली, साहेब," क्रेनचालक म्हणाला.

"तू घाबरलास. पाहिली मी."

पंधरा दिवसांनी पुन्हा उजेड दिसला. साहेबांनी सगळ्यांना शेडच्या दारात गोळा केलं आणि स्वतः बाहेर खोक्यावर चढले. "मित्रहो, खरा माणूस विजेला—"

समोरच्या गोदामाच्या वीजरोधक सळईवर कडाडून वीज पडली. खोका रिकामा! साहेब सापडले ते संडासात. आतून कडी लावलेली, आणि ती अडकलेली.

"साहेब, भाषण अर्धंच राहिलं!" क्रेनचालक दाराबाहेरून ओरडला.

"आधी वादळ गेलं का सांग!"

सुतारानं दार उचकटेपर्यंत तास गेला.

तेव्हापासून टोकाला निळं दिसलं की हाकाटी व्हायची, "साहेबांची कडी लागली, उतरा खाली!" साहेबांनी नोटीस लावली: सदर प्रकारास 'कडी' संबोधू नये. ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनाही त्यामुळे कळलं. पुढे घाईत ओरडताना 'साहेबांची' गळून पडलं आणि नुसती 'कडी' उरली. नोंदवहीतही तेच चढलं.

नव्यानं लागलेल्या क्रेनचालक बाईंनी एकदा साहेबांनाच विचारलं, "हिला कडी का म्हणतात हो?"

साहेबांनी नोंदवही मिटली. मग म्हणाले, "असेल काहीतरी. कामाला लागा."