मनोहररावांचा उतारा

नालवाडीत वानरांनी मनोहररावांइतकं कुणाला लुटलं नसेल, आणि वानरांवर इतका जीवही कुणी टाकला नसेल. वांगी धरायची खोटी, टोळी कुंपणावरून आत. हे गृहस्थ गोफण फिरवणार, शिव्या हासडणार, उरलीसुरली वांगी अन् सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या सायकलला बांधून वर्ध्याच्या बाजारात नेणार. आणि शनिवार उजाडला की मारुतीच्या पारावर त्याच चोरट्यांना हातानं पोळी भरवणार! बायको गोपिका कावायची.

"हप्ताभर हाकलता अन् शनवारी जेवू घालता. डोस्कं ठिकाणावर हाये ना तुमचं?"

"वावरात ते चोर, अन् पारावर मारुतीरायाचे पाहुणे," हे उत्तर ठरलेलं.

ती पोळी साधी नव्हती. त्यांच्या गल्लीत लेकराला हगवण लागली की पोळीचा घास त्याच्या तोंडाला लावायचा, त्याच्यावरून ओवाळायचा आणि वानराला द्यायचा. लेकराची पीडा वानर घेऊन जातं, असा भरवसा. अख्ख्या गल्लीचे हे उतारे पारावर पोचवायचं काम मनोहररावांचं. वडील करत होते, म्हणून तेही करत. अंगात ताप असला तरी शनिवार चुकला नाही. आजच्या काळात दुसऱ्याच्या लेकरासाठी एवढं कोण करतं हो?

दोन हजार पाचच्या हिवाळ्यात टोळीतली पिल्लं मरायला लागली. एका शनिवारी एक मादी वाळून गेलेलं पिल्लू छातीशी धरूनच पारावर आली. मनोहररावांनी पोळी पुढे केली, तिनं तोंड फिरवलं. त्या दिवशी घरी तेही जेवले नाहीत. शेजारच्या वावरातल्या रूपरावानं विष टाकलं असणार, असं त्यांच्या मनानं घेतलं. जाऊन तोंडावर विचारलं.

"फटाके फोडतो मी, इख नाई टाकत! मलेबी मारुतीचं भेव हाये!" रूपराव भडकला. बोलणं तुटलं.

त्याच सुमारास ज्योत्स्ना नावाची एक संशोधक मुलगी हातमोजे घालून पारावरच्या पिंपळाखालच्या वानरांच्या लेंड्या डब्यांत भरताना दिसू लागली. गल्ली हसून लोळली. मनोहरराव मात्र जवळ गेले.

"काऊन वो बाई, याचं काय करसान?"

"पोटातले विषाणू बघणार, काका. बोरच्या जंगलातल्या वानरांचे नमुने आणले आहेत, आता गावातल्यांचे नेते."

"मंग मले येवढं सांगा, पिल्लं कायनं मरून राह्यले?"

"बघते," ती म्हणाली. आणि ती खरंच विसरली नाही.

उन्हाळ्यात ती परत आली, पारावर बसली आणि सावकाश सांगू लागली. "काका, प्रत्येक प्राण्याच्या पोटात विषाणूंचा संसार असतो. बहुतेक बिचारे पोटातल्या जंतूंवर जगतात, आपल्याला त्रास देत नाहीत. वानरांचे वानरांजवळ, माणसांचे माणसांजवळ, लाखो वर्षं एकमेकांना सरावलेले. वानर बदललं तसे त्याचे विषाणूही बदलत गेले. बोरच्या टोळीत सगळे तिचे स्वतःचेच आहेत. पण तुमच्या टोळीत एक परका सापडला. लेकरांच्या हगवणीचा, माणसाचा. मोठी वानरं निभावून नेतात, पिल्लांना तो झेपत नसावा. पिल्लं यानंच मेली असं छातीठोक नाही सांगत मी. पण विषाणू तुमच्या गल्लीतलाच आहे."

मनोहररावांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं.

"मंजे माह्या हातानं गेला?"

"तुम्हाला कुठं माहीत होतं, काका?"

माणूस मोठा कशात असतो, ते तिथं दिसलं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, शिकलेल्यांना काय कळतंय! मनोहरराव उठले ते सरळ रूपरावाच्या दारात. "चुकलो बावा," म्हणाले. मग घरोघर फिरले, आता उतारा नेणार नाही म्हणून सांगत. बाया चिडल्या. यशोदाबाईंनी तर अडवूनच विचारलं, "मंग आमच्या लेकराईची पीडा न्यावं कोनं?" मान खाली घालून ते घरी आले.

पावसाळ्यात त्यांच्या नातवाला, साहिलला, हगवण लागली. डॉक्टरची औषधं सुरू होती, गोपिका मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजत होती. पण पोरगं मलूल. शनिवारी तिनं घास त्याच्या तोंडाला लावला, ओवाळला आणि नवऱ्यापुढे धरला. डोळे भरलेले.

"आजच्या डाव न्या. आपलं पोट्टं हाये वो."

मनोहररावांनी घास घेतला आणि पाराकडे निघाले. मागून गोपिका, तिच्यामागून सारी गल्ली. पारावर तीच मादी बसली होती, पोटाशी नवं पिल्लू. त्यांना पाहताच तिनं हात पुढे केला. पिल्लानंही मुंडकं बाहेर काढलं.

मनोहररावांनी घास कपाळाला लावला आणि स्वतःच्या तोंडात टाकला.

"अवो, हे काय केलं!" गोपिका किंचाळली.

"पीडा कोनीतरी न्याच लागते ना? मी आजा हावो त्याचा," चावता चावता ते म्हणाले. मग यशोदाबाईंकडे वळले. "तुमच्याबी घरी म्हातारे हायेत."

मादीचा हात अजून पुढेच होता. मनोहररावांनी आपले दोन्ही रिकामे हात तिला दाखवले.

"जाय माय," ते म्हणाले, "पिंपळाचा पाला खाय."