सहा स्वेटरांची चौकशी

गल्लीत त्यांना सगळे लोकरकाकू म्हणत. नवरा मात्र त्या ऐकत नाहीत असं पाहून फौजदार म्हणे. दोन्ही नावं खोटी नव्हती. लोकरीच्या लडी दुकानदारानं तोलून दिल्या तरी काकू घरी येऊन आपल्या काट्यावर पुन्हा ठेवत. बसमध्ये विणत बसल्या आणि शेजारची बाई जरा जास्त वेळ सुयांकडे बघू लागली, की विणकाम पिशवीत जाई.

"टाके मोजत होती मेली," घरी आल्यावर सांगत. "तीन थांबे नुसती मोजत होती."

विणायच्या त्या फक्त लहान मुलांचे स्वेटर. दूध उतू जायच्या आत दोन ओळी, दवाखान्याच्या रांगेत अर्धी बाही, परगावी गेल्या तर जाता-येता पाठ. मोठ्यांसाठी का नाही, असं कुणी विचारलं तर म्हणत, "मोठ्यांना नाही आवडला तरी ती छान म्हणतात. पोराला टोचलं की ते रडतं. रडण्यावर भरवसा ठेवता येतो."

मुलगा आणि सून दुसऱ्या शहरात होती. त्यांची चार वर्षांची मुलगी एका जागी ठरत नसे म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. भिंगरीसाठी काकूंनी आजवर सहा स्वेटर विणले होते. प्रत्येकाच्या छातीवर एकेक प्राणी; शेवटच्या लाल स्वेटरवर पांढरं बदक होतं. मुलगा दर सुट्टीत घरी येई, पण ती सुट्टी उन्हाळ्याची. त्यामुळे पहिला पिवळा सोडला, तर एकही स्वेटर नातीच्या अंगावर काकूंनी पाहिलेला नव्हता. हिवाळ्यात फोटो येत, त्यात भिंगरी कधी पांघरुणात असे, कधी नुसता चेहरा, कधी आईचं जाकीट गुंडाळलेली.

"सहा स्वेटर," काकू म्हणाल्या, "आणि एक फोटो नाही."

"आवडले नसतील," नवरा म्हणाला. तो घड्याळं दुरुस्त करी. भिंग डोळ्याला लावलेलं असलं की त्याला जगाची भीती वाटत नसे.

"आवडले नाहीत तर तसं सांगावं. मी सातवा कशाला विणू? माझी बोटं काय भाड्यानं आणलीत?"

"मग विचार की सुनेला."

"विचारल्यावर खरं सांगेल?"

यावर घड्याळजींनी भिंग अधिक घट्ट बसवलं.

काकूंनी मनाशी ठरवलं. सातवा स्वेटर निम्मा झाला होता. तो पुरा करून द्यायचा की उसवून लोकर गुंडाळून ठेवायची, हे तिथं जाऊन डोळ्यांनी बघून ठरवायचं. बुधवारी येते असं कळवलं आणि मंगळवारचं तिकीट काढलं. सात तासांच्या प्रवासात एक बाही झाली. समोरच्या बाकावरच्या बाईनं दोनदा केळं देऊ केलं. काकूंनी दोनदा नको म्हटलं. फुकट केळं देणारी बाई त्यांना पटली नाही.

दार मुलानं उघडलं. त्याची रात्रपाळी होती, डोळे अर्धेच उघडे होते.

"आई? उद्या येणार होतीस ना?"

"आजचं तिकीट मिळालं."

"ही गेलीय भिंगरीला आणायला बालवाडीतून. बस, मी दूध घेऊन येतो."

तो जिना उतरला तशा काकू उठल्या. पोरीचं कपाट कुठलं हे शोधावं लागलं नाही, दारावर रंगीत खडूच्या रेघोट्या होत्या. आत खालच्या खणात पाच स्वेटर नीट घड्या घालून ठेवलेले. काकूंनी चष्मा लावला आणि वरून कोपर तपासले, बगला तपासल्या. अंगावर वापरलेल्या लोकरीला तिथंच आधी बारीक गोळे येतात. एक गोळा नाही. पिवळ्याच्या छातीवर एक जुना डाग, बाकी चार जसे पाठवले तसेच. लाल तर जागेवरच नव्हता.

म्हणजे चार पडून राहिले आणि लाल कुणाला तरी देऊन टाकला. काकूंना वाईट वाटण्याआधी आपला अंदाज बरोबर निघाल्याचं समाधान वाटलं, आणि मग त्या समाधानाचंच वाईट वाटलं.

त्या खिडकीशी आल्या. समोरच्या फुटपाथवरून सून येत होती, बरोबर उड्या मारत भिंगरी. पोरीच्या अंगात काहीतरी विटकरी, पांढऱ्या रेघांचं, गबाळं विणलेलं होतं. विकतचं नव्हे, हातचंच. विहीणबाई! सुनेच्या आईला मागच्या वर्षी विणायची हौस आली होती. टाके कसे घालतात ते तिनं फोनवरून काकूंनाच विचारलं होतं, आणि काकूंनी सांगितलंही होतं, थोडं चुकीचं.

"आज्जी!" भिंगरी दारातूनच येऊन आदळली.

"अगंबाई, आई!" सून दचकली. तिची नजर काकूंकडून मुलीच्या अंगाकडे गेली आणि ती घाईनं म्हणाली, "थांब भिंगरी, हे काढू आधी. मळलंय."

"राहू दे. बघू तरी." काकूंचा आवाज गोड होता. तो गोड झाला की नवरा दुकानात निघून जाई. "कुणाच्या हातचं म्हणायचं हे?"

काकूंनी पोरीला जवळ ओढलं, छातीवरच्या विणीला हात लावला. आडवे नेलेले पांढरे धागे दर तिसऱ्या टाक्याला अडकवलेले होते. मुलांची बोटं आत गुंतू नयेत म्हणून ही युक्ती करणारं त्यांच्या माहितीत एकच माणूस होतं. त्यांनी गळ्यातून आत बघितलं. आत बदक होतं, पांढरं शुभ्र.

"उलटा घातलायस?"

"सगळेच उलटे घालते," सून म्हणाली. "तुम्हीच म्हणाला होतात."

"मी?"

"पिवळ्यावर डाग पडला तेव्हा. दोन महिने डोळे फोडून विणलं आणि दोन दिवसांत पोतेरं केलंत, म्हणालात. त्या दिवसापासून सुलट बाजूला काही लागू दिलं नाही मी. उलट्या स्वेटराचा फोटो तरी कसा पाठवणार? पुढच्या गाडीनं आला असतात."

"तशीही आलेच की," काकू म्हणाल्या.

आपण असं म्हटलं असेल यावर त्यांचा चटकन विश्वास बसेना. पण पोतेरं हा शब्द त्यांचाच होता, तो नाकारता येण्यासारखा नव्हता. त्यांनी पिवळा सोडून कपाटातले चार स्वेटर आणून एकेक उलटा केला. आत गोळेच गोळे, बिस्किटाचा चिकटा, शाई, एकाच्या खालच्या काठाला आतून कच्च्या हातानं घातलेला रफू.

"रफू कुणी केला?"

"मीच. वाईट झालाय ना?"

"वाईटच झालाय," काकू म्हणाल्या आणि त्यावरून बराच वेळ अंगठा फिरवत राहिल्या. मग नाक पुसून पिशवीतून सातवा काढला. "दुसरी बाही आज होईल. पण हा सुलट घालायचा. मळू दे, फाटू दे."

सकाळी त्यांनी स्वतः नातीच्या डोक्यातून स्वेटर घातला. छातीवर कासव. भिंगरीनं खाली बघितलं आणि घर डोक्यावर घेतलं.

"उलटं घातलंस! कासव बाहेर आलं!"

"अगं, हीच सुलट बाजू."

"नाही! प्राणी आत असतात. त्यांना थंडी वाजते."

काकूंनी समजावलं, बिस्किटाची लाच दिली, बापाला उठवून साक्ष काढली. पोरगी रडायला लागली. मग मात्र काकूंनी वाद सोडला आणि स्वेटर काढून पुन्हा घातला.

बालवाडीच्या फाटकाशी बाईंनी भिंगरीकडे पाहिलं, मग काकूंकडे, आणि वयाचा विचार करून हळूच म्हणाल्या, "आजी, स्वेटर उलटा घातला गेलाय वाटतं."

"घातला गेला नाही," काकू म्हणाल्या. "आमच्यात असाच घालतात."

बाईंना ते काही पटलेलं दिसलं नाही. काकू मात्र भिंगरी आत जाईपर्यंत फाटकाशीच उभ्या राहिल्या. बाईंनी मागाहून तो सुलट करू नये म्हणून.