कपाटामागच्या दोन जाळ्या

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. मुलीला सांगितलं नाही, शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांना तर नाहीच. मी विज्ञानाचा शिक्षक होतो. या सदरातले लोकांचे अनुभव वाचताना मी हसायचो... खरं तर अजूनही हसतो. भूत, करणी, भानामती असलं काही मी कधी मानलं नाही, आणि आज लिहायला बसलोय म्हणून मानायला लागलो असंही नाही. पण आता अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. एका माणसावर माझ्यामुळे ठपका बसला, तो माझ्या हातानं पुसायचा आहे. जे कळलं नाही ते कळलं नाही असंच लिहीन.

आमचं घर सांगलीत, विश्रामबागेत. कॉलनीतली बहुतेक घरं पंचवीसेक वर्षांपूर्वी, दोन-चार वर्षांत उठली. आमचं बांधलं दस्तगीर मिस्त्रींनी. मूळचे शिरवळजवळच्या खंडाळ्याचे, पण कामामागे सांगलीत येऊन राहिलेले. बोलणं कमी. गिलावा झाला की थापीच्या मुठीनं भिंत ठोकत जायचे आणि कान लावून ऐकायचे, डॉक्टरसारखे.

मागची खोली उत्तरेला, शेजारी न्हाणीघर, खाली काळी जमीन. त्या खोलीच्या मागच्या भिंतीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, त्यांनी दोन जाळीच्या विटा बसवल्या. साध्या विटेएवढ्याच, फक्त आरपार नऊ भोकं. मी विचारलं, "ही भोकं कशाला, दस्तगीरभाई? उंदीर येतील."

"आवं मास्तर, उंदीर याय त्यो काय तुमच्या शाळेतला पोरगा हाय व्हय, कुठनं बी घुसाय? एवढ्याशा भोकातनं न्हाई येत." मग म्हणाले, "माणसागत घराला बी दम घ्याया लागतोय. हे बुजवलं तर ओल भिंतीतच बसंल बगा."

काम संपलं त्या दिवशी त्यांनी उदबत्ती मागितली. पेटवून जाळीसमोर धरली. धूर क्षणभर वर गेला, मग वाकला आणि सरळ त्या भोकांत शिरला. "वडतोय," ते म्हणाले. "घर जितं हाय." प्रत्येक घर मालकाच्या ताब्यात देताना ते हेच करायचे. वर्गात मी मुलांना हवेचे प्रवाह धुरानंच दाखवायचो, त्यामुळे मला ते फार आवडलं होतं.

त्याच हिवाळ्यात मुलगी बाळंतपणाला आली. तिला तीच खोली दिली. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून सुशीला, माझी बायको, हट्टाला पेटली. खिडकीला घोंगडी लावली, दाराला पडदा. शेवटी म्हणाली, "आणि त्या जाळ्यांतनं येणाऱ्या गार वाऱ्याचं काय?" बांधकामातलं अर्धं पोतं सिमेंट पडलेलं होतं. मी ते कालवून आतल्या बाजूनं दोन्ही जाळ्या बुजवल्या, वरून चुना मारला. सव्वा महिन्यानं फोडायच्या असं ठरलं होतं. सव्वा महिन्यानं मुलगी सासरी गेली, जाळ्यांसमोर लोखंडी कपाट आलं, आणि मी विसरलो. अगदी साधं विसरणं. तेवढंच असतं तर मी हे लिहिलं नसतं.

दुसऱ्या पावसाळ्यात त्या भिंतीला ओल चढली. पोपडे सुटले, गाद्यांना कुबट वास. कॉलनीत तेव्हा आणखी तीन घरं निघायची होती आणि तिन्ही मालक दस्तगीरभाईंनाच काम देणार होते. ते तिघं आमच्याकडे भिंत बघायला आले. मी दस्तगीरभाईंना निरोप धाडला. ते आले, गुडघ्यावर बसले, भिंतीवरून तळवा फिरवला. बाहेरून जाळ्या बघून आले. बाहेरून भोकं जशीच्या तशी दिसत होती.

"मास्तर, कपाट जरा सरकवूया का? जाळ्या उघड्या हायत न्हवं?"

त्या क्षणी मला आठवलं. सिमेंट, चुना, सगळं. तिघं शेजारी दारात उभे होते. त्यांच्यासमोर गेले पंधरा दिवस मी "मिस्त्रीनं फसवलं" म्हणत फिरत होतो.

"उघड्याच आहेत," मी म्हणालो. "कपाट भरलेलं आहे, हलायचं नाही."

त्यांनी थापीच्या मुठीनं भिंत एकदा ठोकली, कान लावला. माझ्यावर त्यांनी शंका घेतली नाही. घेतली असती तर बरं झालं असतं. "मग माझंच कायतरी चुकलं," एवढं म्हणाले आणि थापी पिशवीत घालून निघून गेले. ती तिन्ही कामं दुसऱ्याला गेली. महिन्याभरात ते सांगली सोडून गावी गेल्याचं कळलं. सुशीलानं विचारलं, "तुम्ही त्यांना सांगितलंत ना?" मी म्हणालो, सांगेन. त्यानंतर वीसेक वर्षं मी "सांगेन" यावरच काढली.

आता दीड वर्षापूर्वीचं.

मागच्या खोलीत सुशीला दुपारी पडते. कुबट वास जावा म्हणून उठल्यावर तिथं उदबत्ती लावते. एकदा तिनं हाक मारली. "अहो, इकडे या. धूर बघा."

धूर वर जात नव्हता. तो आडवा होऊन, ताणलेल्या दोऱ्यासारखा, कपाटामागे चालला होता. मी पंखा बंद केला. खिडकी लावली, दार लावलं, फटीला ओला टॉवेल लावला. तरी तसाच. पंधरा-वीस मिनिटांनी तो आपोआप सरळ झाला. मी रोज वही घेऊन बसू लागलो. सकाळी लावली तर धूर सरळ. दुपारी सरळ. साडेचार-पाचच्या सुमाराला मात्र वाकायचा.

पुढं नुसता धूर राहिला नाही. कपाटावरचा वर्तमानपत्राचा कागद फटीत ओढला जाऊन भिंतीला चिकटून बसायचा. कपाट सरकवून बघितलं, तर माझा चुना तसाच, केसाएवढी चीर नाही. त्या वेळी भिंतीला तळहात लावला की आतून ओढ लागायची... बाटलीच्या तोंडाला हात धरून कुणी हवा शोषून घ्यावी, तशी. आणि सुशीलाचा खोकला वाढला. एक दिवस ती झोपेतून घाबरीघुबरी उठली. ओठ निळसर पडले होते.

"माझ्या तोंडातली हवा कुणीतरी ओढून घेतंय," ती म्हणाली. दम परत आल्यावर म्हणाली, "त्यांना शोधा. दस्तगीरभाईंना. आणि या वेळी सांगा."

खंडाळ्याला घर सापडायला वेळ लागला नाही. त्यांचा मुलगा सलीम दारातच भेटला. मी सांगलीचा मास्तर म्हटल्यावर त्यानं आदरानं आत नेलं, चहा ठेवायला लावला.

"आब्बांना आता कायबी आठवत न्हाई, काका. आमची नावं बी न्हाई. सांगलीला कुठलंतरी काम बिघडलं, तवापास्नं त्यांनी थापी हातात धरली न्हाई. शिरवळला एका कंपनीत वॉचमन म्हणून लागले, थितनंच रिटायर झाले." मग जरा हसून म्हणाला, "आता एकच याड हाय. दुपारनंतरची नमाज झाली की उदबत्ती लागती. या, दावतो."

मागच्या खोलीत दस्तगीरभाई भिंतीशी बसले होते. हातात पेटलेली उदबत्ती. ती त्यांनी वीतभर उंचीवर भिंतीसमोर धरली होती. तिथं जाळी नव्हती, खिडकी नव्हती, कोरी भिंत होती. धूर सरळ वर जात होता.

"वडत न्हाई," ते पुटपुटत होते. "का वडत न्हाई..."

मी घड्याळ बघितलं. पावणेपाच. मी सुशीलाला फोन लावला.

"खोलीत जा. उदबत्ती लाव."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "लावली. कपाटाकडे चाललाय. आज फार जोरात आहे."

तेवढ्यात सलीमनं वाकून वडिलांचा हात खाली घेतला. "आब्बा, चटका बसंल."

"आता सरळ झाला," सुशीला फोनवर म्हणाली.

दस्तगीरभाईंनी हात पुन्हा वर केला.

"परत वाकला. अहो, तिकडे काय चाललंय?"

शिक्षकाच्या सवयीनं मी मनात नोंद घेत होतो. एकदा योगायोग, दोनदा... तिसऱ्यांदा त्यांनी हात खाली-वर केला आणि सुशीलानं तसंच सांगितलं, तेव्हा मी फोन कानाला तसाच धरून खाली बसलो. दस्तगीरभाईंनी मान वळवली. मुलाला न ओळखणारे डोळे माझ्यावर थांबले.

"मास्तर," ते म्हणाले. "जाळ्या उघड्या हायत न्हवं?"

सलीम चकित होऊन बघत होता. चहा घेऊन सून दारात उभी होती, तिच्यामागे नातवंडं. पुन्हा चारचौघांसमोर. वाक्य तयार होतं. येताना एसटीत दहा वेळा म्हणून बघितलं होतं.

"उघड्या आहेत," मी म्हणालो.

फोनवर सुशीला होती. तिनं ऐकलं. फोन ठेवला.

रात्री परतलो तर ती एवढंच म्हणाली, "आजसुद्धा?"

सकाळी कपाट ओढलं आणि छिन्नी-हातोड्यानं दोन्ही जाळ्या स्वतः फोडल्या. सिमेंटची ढेकळं निघाली. विटांची भोकं आतून खडखडीत कोरडी होती, कालच बसवल्यासारखी. त्यांच्या कामात काही चुकलेलं नव्हतं. आता खंडाळ्याला जायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं असं ठरवलं. मग गुडघा दुखतो म्हणून दोन दिवस, पाऊस आहे म्हणून तीन दिवस... आठवड्यानंतर सलीमचा फोन आला.

मी पोहोचलो तेव्हा दफन उरकलं होतं. सलीम म्हणाला, "तुमी येऊन गेलात त्यानंतर त्यांनी उदबत्ती मागितलीच न्हाई, काका. निस्तं म्हणायचे, जाळ्या उघड्या हायत, मग माझंच चुकलं." मी मान हलवली. त्याचा हात हातात घेतला. आणि तरीही नाही बोललो.

मी पहिल्यांदा खंडाळ्याला जाऊन आलो, त्या दिवसापासून आमच्या खोलीतला धूर सरळ जातो. भिंत हळूहळू वाळतेय, सुशीलाचा खोकला कमी आहे. जाळ्या पूर्ण उघड्या आहेत, बाहेरचा उजेड त्यांतून दिसतो. पण मी रोज पावणेपाचला त्यांच्यासमोर उदबत्ती धरून बसतो, आणि उघड्या जाळ्या तो धूर ओढत नाहीत. एकदाही नाही. बंद असताना ओढत होत्या. मी कागदावर आकृत्या काढल्या, दिशा मांडल्या. उत्तर नाही.

हा अंक मी सलीमला पाठवणार आहे. एसटीत तयार केलेलं वाक्य मोठं नव्हतं. ते असं होतं —

दस्तगीरभाई, जाळ्या मी बुजवल्या होत्या. तुमची भिंत चांगली होती. मला माफ करा.