आमच्यात राख होत न्हाई

येशूवाली मावशी रोज सकाळी इतक्या मोठ्यानं प्रार्थना म्हणायची की भिंतीपलीकडं चहा गाळता गाळता मलाही ती पाठ झाली. पण एका जागी ती गप्प व्हायची. अपराध्यांना क्षमा करायची ओळ आली की ओठ घट्ट मिटायचे, आणि पुढच्या ओळीपासून पुन्हा सुरू. चर्चच्या पाळकसाहेबांनी किती समजावलं! "देव थांबंल साहेब," म्हणायची, "त्याला कुठं घाई हाय?"

त्या ओळीत तिचा दानियेल अडकला होता. एकुलता एक लेक. आमच्या गोदाकाठच्या गावातलं बडं प्रस्थ म्हणजे अण्णा, नदीतली वाळू चोरून उपसायचा, दानियेलनं त्याची तक्रार केली, आणि थोड्याच दिवसांत पोरगं नदीत सापडलं. पोलिसांनी 'बुडून मृत्यू' लिहिलं, डॉक्टरला दाखवलंसुद्धा नाही. "नदीत वाढलेलं पोरगं गुडघाभर पाण्यात बुडतंय व्हय?" मावशी ज्याला त्याला विचारायची. गावाला उत्तर ठाऊक होतं हो, तोंड नव्हतं.

मग तिला एक सवय लागली. बाजारच्या दिवशी अण्णाच्या दुकानासमोर बसायची, शेंगा निवडत, त्याच्याकडं बघत. शिवी नाही, शाप नाही. अण्णा वैतागायचा, "ए म्हातारे, कावून बघतीस?"

"तुजं तोंड इसरू नये म्हणून."

अशी कित्येक वर्षं गेली. दोन वर्षांमागं अण्णानं ट्रॅक्टरला वाट म्हणून ख्रिस्ती लोकांच्या दफनभूमीतून रस्ता काढायचं ठरवलं. मावशी सरळ लेकाच्या कबरीवर जाऊन बसली. मी तिला भाकरी घेऊन गेले होते, माझ्यासमोरच झालं सगळं. अण्णा हसून म्हणाला, "ऊठ मावशे. इतक्या वर्षांनी काय राहिलंय तिथं? राख?"

"राख तुमच्यात, अण्णा. आमच्यात राख होत न्हाई. माझं लेकरू हाय तसं खाली हाय."

अण्णाचं हसू तिथंच गेलं. गडी पांढराफटक! मावशीनं माझा हात दाबला. "सुमे, बघितलंस? त्याला आत्ता कळलं. आन् मलाबी."

दुसऱ्या दिवशी आम्ही पहिल्या एसटीनं गेवराईला, वकिलाकडं. कबर उघडून तपासा म्हणून अर्ज केला, किती खेटे घातले! शेवटी हुकूम निघाला, तहसीलदारासमोर कबर उघडली. दानियेलची कवटी मागून फुटलेली होती. मावशी रडली नाही. ती अण्णाच्या घराकडं बघत होती. कवटीचं ऐकून अण्णाचा जुना ड्रायव्हर फुटला, सगळं बोलला, आणि अण्णाला बेड्या पडल्या.

अण्णाची बायको आली पदर पसरून. "मावशी, तुमच्या देवाघरी माफी असती म्हणं."

"असती ना. देवाकडं माग. मी आई हाय."

खटला चालू असतानाच मावशी गेली. जायच्या आधी मला म्हणाली, "मला लेकाशेजारी ठेवा. आन् माझ्या जागी तू बसत जा, त्याला दिसंल अशी."

तारीख पडली की मी पहिली एसटी धरते, कोर्टात पुढच्या बाकावर बसते. मी काही ख्रिस्ती नाही, पण बसल्या बसल्या मावशीची प्रार्थना मनात म्हणते. ती ओळ आली की गप्प होते. अण्णा मान वर करत नाही. मी खाली घालत नाही.