गोंदवलेली अक्षरं

आमच्या टीव्हीखालच्या कप्प्यात एक जुना संगणक आहे. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसने तो काढून टाकला होता. त्याने तो घरी आणून त्याचा सर्व्हर केला. म्हणजे घरातले सगळे व्हिडिओ त्यात साठवायचे आणि टीव्हीवर हवे तेव्हा पाहायचे. नवरा गेल्यावर काही आठवड्यांनी हा संगणक तापायला लागला. आधी पंखा घरघरायचा, मग मिक्सर लावल्यासारखा आवाज चढायचा, आणि दुपारी कधीतरी यंत्र आपोआप बंद पडायचं. समोर सासूबाई रिमोट हातात धरून बसलेल्या असायच्या. त्या म्हणायच्या, "पुन्हा गेला गं."

त्या व्हिडिओबद्दल बोलत असत. तरी मला स्वयंपाकघरातून बाहेर यायला थोडा वेळ लागे.

सासूबाई घाटकोपरच्या शाळेत मराठी शिकवीत. आता गुडघ्यांमुळे त्यांना जिना उतरवत नाही आणि ऐकूही जवळजवळ येत नाही. कानात यंत्र घातलं की डोक्यात उसाचा चरक फिरतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांचा मुलगा दर रविवारी फोन घेऊन बाहेर पडायचा आणि त्यांच्यासाठी आमचं मुलुंड चित्रित करून आणायचा. भाजीबाजार, नाहूरच्या पुलावरून दिसणारे डोंगर, कुठल्या दुकानाचं काय झालं ते. चालता चालता तो बोलत असे, आणि घरी आल्यावर आपलंच बोलणं टाईप करून चित्राखाली अक्षरांत देत असे. सासूबाई मुलाला ऐकत नसत, वाचत असत. आता त्यांच्यापाशी तेवढंच उरलं होतं, आणि तेही रोज अर्ध्यावर तुटत होतं.

मी दिराला फोन केला. तो चारकोपला राहतो.

"वहिनी, वाट लागलीय त्या डब्याची. भंगारात टाक. मी नवा झकास बॉक्स पाठवतो."

"आणि नव्यालाही हेच झालं तर?"

"ते मला काय माहीत यार! मी अकाउंट्सवाला माणूस."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. पुस्तक जागेवर नसलं तर नवं मागवण्याआधी आम्ही ते शेजारच्या कप्प्यांत शोधतो. त्याच सवयीने मी यंत्राकडे पाहू लागले. सर्व्हरचं एक पान फोनवर उघडतं, त्यात प्रोसेसरवर किती ताण आहे ते दिसतं. दुपारी तो आकडा शंभराला टेकलेला असे. मी रंगाच्या ब्रशने आतली धूळ काढली. यंत्र कप्प्यातून बाहेर, मोकळ्या हवेत ठेवलं. प्रत्येक व्हिडिओची छोटी छोटी चित्रं काढत बसायचा त्याचा उद्योग बंद केला. सकाळभर ताण अगदी खाली राहिला, म्हणून मी खूश झाले. जेवणानंतर सासूबाई खुर्चीत बसल्या आणि पंखा पुन्हा ओरडू लागला.

मग लक्षात आलं, त्या शेवटचेच व्हिडिओ लावतात. आजारपणात त्याला खाली जाता येईना, तेव्हा त्याने आमच्या गॅलरीतूनच खालचा रस्ता टिपला होता. मी एक जुना, बाजाराचा व्हिडिओ लावून पाहिला. पंखा जेमतेम फिरत होता. गॅलरीतला लावला की शंभर. पानावर कारणही लिहिलेलं होतं: अक्षरं चित्रात मिसळली जात आहेत. सेटिंगमध्ये त्या कामापुढे बरोबरची खूण होती. मी ती काढली. यंत्र शांत झालं, इतकं की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

"अगं, हे कोणी लिहिलंय?" सासूबाई कडाडल्या.

पडद्यावर अक्षरं होती, पण जोडाक्षरं मोडून त्यांचे तुकडे झाले होते, आणि वेलांट्या आपापल्या अक्षरांपासून सुटून बाजूला उभ्या होत्या. आमच्या टीव्हीला देवनागरी नीट जुळवता येत नाही.

तेव्हा मला नवऱ्याचा शब्द आठवला. रविवारी जेवण झालं की तो म्हणायचा, "जरा गोंदवून घेतो." म्हणजे अक्षरं चित्रातच कायमची पक्की करायची. मग टीव्हीला ती जुळवावी लागत नाहीत, नुसती दाखवायची. मला तो त्याचा रविवारचा चाळा वाटायचा. आजारपणात तेवढा वेळ बसणं त्याला झेपलं नसावं. त्याने ती खूण करून ठेवली आणि काम यंत्रावर सोपवलं. म्हणून ते बिचारं दर दुपारी सगळं नव्याने गोंदवत होतं, आणि पाहून झालं की ते पुसलं जात होतं.

उरलेले व्हिडिओ आपणच गोंदवायचे, असं मी सासूबाईंच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्या ताठ झाल्या.

"थांब. आधी मजकूर मला दाखव. चुकीचं गोंदवून ठेवशील."

मी लॅपटॉपवर अक्षरं मोठी करून दिली. चष्मा पुसून त्या ओळींवर बोट ठेवून वाचू लागल्या.

"'आणि'ला दीर्घ वेलांटी! किती वर्षं सांगतेय ह्याला. मराठीच्या बाईंचा मुलगा ना हा? आणि हे बघ, 'कोथींबीर'. खालच्या हातगाडीची पाटी बघून उतरवलंय मेल्याने."

शब्द बाहेर पडला आणि त्यांचं बोट थांबलं. मीही कीबोर्डवरचा हात उचलला.

"असंच म्हणायचे मी त्याला," त्या म्हणाल्या. "लहान होता तेव्हापासून. दूध सांडलं की मेल्या, परीक्षेत पहिला आला की मेल्या."

"मला माहीत आहे, आई."

"मग बसलीस काय? ऱ्हस्व कर ती वेलांटी."

मी केली. सगळ्या दुरुस्त्या झाल्यावर यंत्राला कामाला लावलं. पंखा पुन्हा ओरडत होता, पण या वेळी मला त्याची काळजी नव्हती. टेबलफॅन समोर लावून ठेवला आणि आम्ही वाट पाहत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी गॅलरीतला व्हिडिओ लावला. मी शेजारी बसले. खाली भाजीची हातगाडी, गाडीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या तळमजल्यावरच्या बाई, आणि चित्राखाली त्याचं बोलणं, कोथिंबिरीसकट शुद्ध. आजवर जिथे सगळं काळं व्हायचं ती जागा मागे पडली. त्याचं बोलून झालं, अक्षरं संपली, पण फोन बंद करायचा तो विसरला असावा. फोन मांडीवर ठेवलेला, वर गॅलरीचं छत आणि वाळत घातलेल्या माझ्या साडीचा काठ. त्यात त्याचा आवाज आला, घराच्या आत कोणाला तरी हाक मारल्यासारखा. इथपर्यंत आम्ही दोघी कधी पोचलोच नव्हतो.

सासूबाईंना पडद्यावर नुसतं छत दिसत होतं. पण त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"काय म्हणाला? हे लिहिलं नाही त्याने."

मी त्यांच्या कानाशी वाकले. "चहा टाक गं, म्हणाला. आईला पण दे."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग टाक की," त्या म्हणाल्या. "आलं घाल."